तीन टन, 49 कुत्री आणि पहिले पंधरा दिवस: 1986 च्या उत्तर ध्रुव मोहिमेतील कुत्र्यांच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

8 मार्च 1986. कॅनडाच्या एल्समियर बेटाचे उत्तर टोक, वॉर्ड हंट बेटाचा परिसर. विल स्टीगर आणि पॉल शुर्क या अमेरिकन प्रवाशांच्या नेतृत्वाखाली आठ माणसे, पाच स्लेज म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या आणि 49 कुत्री गोठलेल्या समुद्रावर उतरली. सामान साधारण तीन टन. ध्रुव सरळ रेषेत सुमारे 770 किलोमीटर. अट एकच होती: वाटेत बाहेरून काहीही घ्यायचे नाही, ना विमानाने टाकलेले अन्न, ना आधी पेरून ठेवलेले साठे. विमानाने काही परत पाठवायला मात्र मुभा होती. ही मुभा किरकोळ वाटते, पण तिच्याशिवाय या मोहिमेचा हिशेबच बसत नाही.

त्याआधीच्या मोहिमांनी हा पेच वेगवेगळ्या वाटांनी सोडवला होता. 1895 मध्ये नॉर्वेचे नान्सेन आणि योहान्सेन 28 कुत्री घेऊन निघाले आणि एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना खाऊ घालत गेले. 1909 मध्ये अमेरिकन पिअरीने 133 कुत्री आणि 19 स्लेज उतरवल्या. मागच्या तुकड्यांनी पुढच्यांसाठी सामान वाहायचे आणि परत फिरायचे, अशी उतरंड रचली. ब्रिटिश वॉली हर्बर्टच्या 1968-69 च्या तुकडीला विमानाने रसद मिळत होती. 1986 मध्ये यातली एकही वाट मोकळी नव्हती. त्यामुळे तयारीचा खरा प्रश्न ‘कुत्री किती बलवान हवीत’ हा नसून ‘कुत्रा ओढतो त्यातले किती तो स्वतःच खातो’ हा होतो.

हिशेब

पुढचे आकडे मोहिमेच्या वहीतले नाहीत. 49 कुत्री, आठ माणसे, 55 दिवस आणि तीन टन एवढे धरून अशा प्रवासाचा आराखडा कसा मांडतात ते इथे दाखवले आहे.

एका कुत्र्याला दिवसाला 900 ग्रॅम सुके, चरबीदार खाद्य. 49 कुत्र्यांचे रोजचे 44 किलो, 55 दिवसांचे सुमारे 2,425 किलो. माणसांचे माणशी रोज एक किलो धरले तर 440 किलो. स्टोव्हच्या इंधनाचे साधारण 75. इथेच 2,940 झाले आणि तंबू, झोपण्याच्या पिशव्या, रेडिओ, दोर, हत्यारे, खुद्द रिकाम्या स्लेज यांतले काहीच अजून चढवलेले नाही. म्हणजे सगळी कुत्री शेवटपर्यंत न्यायची ठरवली तर तीन टनांत ध्रुव गाठता येत नाही. कुत्री वाढवली तर खाद्य वाढते, खाद्य वाढले की ओढायला आणखी कुत्री लागतात.

सुटका एकाच गोष्टीत आहे: भार रोज पन्नासेक किलोने उतरत जातो, तेव्हा कुत्रीही टप्प्याटप्प्याने कमी करायची. पण कधी? नवखे लोक इथे घाई करतात. वीस दिवसांनी साधारण 1,040 किलो संपलेले असते, 1,960 उरलेले. त्या दिवशी 15 कुत्री परत पाठवली तर उरलेल्या 34 वर दर कुत्र्यामागे 58 किलो येतात, म्हणजे जवळजवळ पहिल्या दिवशीचा भार पुन्हा गळ्यात. हेच 28 दिवस थांबून केले तर दर कुत्र्यामागे 45 किलो पडतात. पुढे 14 दिवसांनी 34 ची 21 केली तर 48. या दुसऱ्या आराखड्यात कुत्र्यांचे खाद्य 1,910 किलोंवर येते, 500 किलोंहून अधिक वाचतात आणि स्लेज-तंबूंसाठी 575 किलोंची जागा निघते. एवढे करूनही वादळात अडकून पडायच्या दिवसांसाठी वेगळे काही उरत नाही. तसे दिवस अर्ध्या खाद्यावर काढायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. उपाशी कुत्र्यांसमोर बसून ठरवायची ती गोष्ट नव्हे.

पहिले पंधरा दिवस

3,000 भागिले 49 म्हणजे कुत्र्यामागे 61 किलो. लांब पल्ल्यावर कुत्र्याने आपल्या वजनाइतके ओढावे हा जुना अडाखा. इथे 35 किलोच्या कुत्र्यावर पावणेदोन पट भार आहे. त्यात मार्चची थंडी. स्लेजची पट्टी बर्फावरून घसरते ती घर्षणाने सुटणाऱ्या पाण्याच्या अतिसूक्ष्म थरावर. उणे 45-50 अंश सेल्सिअसला तो थर जवळजवळ तयारच होत नाही आणि बर्फ वाळूसारखा धरून ठेवतो. किनाऱ्यालगतचा बर्फही सगळ्यात वाईट: समुद्रावरचा बर्फ जमिनीवर दाबला जाऊन घरांएवढे कडे उभे राहिलेले असतात. म्हणजे सर्वाधिक भार, सर्वांत कडक थंडी आणि सर्वांत खडबडीत वाट, तिन्ही एकदम पहिल्या पंधरवड्यात येतात. उशिरा निघून चालत नाही, कारण मेमध्ये बर्फ फाटू लागतो. लवकर निघून चालत नाही, कारण या अक्षांशावर सूर्यच मार्चच्या सुरुवातीला डोके वर काढतो.

यावर उपाय म्हणजे फेऱ्या. भार दोन भागांत करायचा, एक पुढे नेऊन टाकायचा, रिकामे परत यायचे, दुसरा न्यायचा. एक किलोमीटर पुढे सरकायला तीन किलोमीटर चाल. दिवसभरात पाच किलोमीटर प्रगती झाली तरी कुत्री पंधरा चाललेली असतात, खाद्य मात्र पूर्ण दिवसाचे गेलेले असते. शिवाय सरकणाऱ्या बर्फावर मागे टाकलेला ढीग आणि पुढचा ढीग यांच्यामध्ये पाण्याची भेग उघडू शकते. म्हणून फेऱ्यांचे अंतर लहान ठेवतात आणि दोन्ही ढिगांत अन्न व स्टोव्ह वाटून ठेवतात.

तेव्हा तयारी करायची ती या पंधरा दिवसांची. वेग दुय्यम आहे. जो संघ जड स्लेज दिवसातून शंभर वेळा थांबवून शंभर वेळा हलवू शकतो तो ध्रुवाला पोचतो. शर्यतीतला संघ इथे आठवड्यात मोडतो.

कुत्री निवडताना

शर्यतीचे अलास्कन हस्की 20 ते 25 किलोंचे, पातळ अंगाचे, लांब पायांचे. त्यांना थंडीत अंगरखे आणि पायमोजे लागतात. ध्रुवासाठी हवे ते उत्तर ध्रुवप्रदेशातल्या इनुइट लोकांचे ‘किम्मिक’ किंवा तशा रक्ताचे मालवाहू कुत्रे: नर 30 ते 40 किलोंचा, छाती रुंद, पंजा मोठा आणि घट्ट, दुहेरी केस, शेपूट नाकावर घेऊन झोपता येईल इतकी झुपकेदार. मोठ्या अंगात वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णता कमी जाते. पण चाळीसच्या पुढे गेलेला कुत्रा खातो जास्त आणि कड्यांवर चढताना स्वतःलाच ओझे होतो.

वय दोन ते सात. दोनच्या आतला जीव तोडून ओढतो आणि दहाव्या दिवशी मनाने बसतो. भूक ही मोठी कसोटी: थकल्यावरही जो वाडगा चाटून पुसून काढतो तो ठेवायचा, खाण्यात चोखंदळ असलेला कितीही देखणा असो, घरी ठेवायचा. मादी माजावर आली की नरांचे लक्ष उडते आणि मारामाऱ्या वाढतात, म्हणून तारखा आधी बघून घ्यायच्या.

संघात तीन जागा खऱ्या महत्त्वाच्या. म्होरक्या आज्ञा ऐकणारा हवाच, पण पातळ बर्फावर आज्ञा न ऐकता थांबणारा हवा. स्लेजला लागून असलेली धुरेची जोडी सर्वांत दणकट, कारण स्लेज वळताना आणि आपटताना पहिला धक्का त्यांना बसतो. आणि संघाचा दादा. तो ओढण्यात सामान्य असला तरी त्याच्यामुळे रात्री शांतता राहते. विमानाने परत पाठवायची वेळ आली की दादाला पाठवले जाते आणि दुसऱ्या रात्री गादीसाठी युद्ध पेटते. दोन जखमी कुत्रे म्हणजे सत्तर किलोंची स्लेजवरची भर. कोण कधी परत जाणार ही यादी ताकदीइतकीच या हिशेबानेही करावी लागते.

सप्टेंबर ते फेब्रुवारी

या मोहिमेचे घर अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ईलीजवळ होते. तिथल्या हिवाळ्यात उणे 40 अधूनमधून दिसते, त्यामुळे सराव घराजवळ सुरू करता येतो. पहाटेचे तापमान दहा अंशांखाली आले की चाकांच्या गाडीला जुंपायचे, त्याआधी नाही. दाट केसांचा कुत्रा उन्हाळी हवेत ओढताना उष्माघाताने मरतो. सुरुवात तीन-चार किलोमीटरनी, वाढ आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास. भार ऑक्टोबरात कुत्र्यामागे 15 किलो, डिसेंबरात 30, जानेवारीत 45. फेब्रुवारीत 60, पण तो फक्त तीनशे-पाचशे मीटरच्या तुकड्यांत. रोजची चाल तोपर्यंत 25 किलोमीटरवर आलेली असावी, चार दिवस काम आणि एक दिवस पूर्ण विश्रांती.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे ‘उचल’ शिकवणे. जड स्लेज थांबली की दोन मिनिटांत पट्ट्या बर्फाला चिकटतात. माणूस पुढचे टोक कडेला हिसका देऊन पट्टी सोडवतो, त्याच क्षणी सगळ्या कुत्र्यांनी एकदम झेप घ्यायची. एकेकाने ओढले तर काहीच हलत नाही आणि तिसऱ्या अपयशानंतर कुत्री बसून घेतात. म्हणून सरावात स्लेज कधीही न हलण्याइतकी जड करायची नाही. त्यांना आतापर्यंत प्रत्येक उचल यशस्वी झाल्याचाच अनुभव हवा. दुसरा धडा उभे राहण्याचा: माणसे कुऱ्हाडींनी कड्यातून वाट फोडत असताना अर्धा तास दोर न गुंतवता, न भांडता थांबणे. हा धडा बहुतेक संघ वगळतात, आणि मग पहिल्या कड्याशीच दोरांचा गुंता सोडवण्यात बोटे गोठतात.

रोज संध्याकाळी प्रत्येक कुत्र्याचे मनगट आणि खांदा हाताने चाचपायचा. या जनावरांच्या बहुतेक दुखापती तिथेच होतात, आणि सूज दिसण्याआधी ती हाताला गरम लागते.

खाद्य

ताजे मांस किंवा मासे यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. पाणी ओढून नेण्याएवढे मूर्ख ओझे दुसरे नाही, तेही बर्फाच्या समुद्रावरून. म्हणून सुके मांस-चूर्ण आणि चरबी यांचे ठोकळे. चरबीच्या ग्रॅमला नऊ कॅलरी (म्हणजे किलोकॅलरी), प्रथिनांच्या चार. वजनाने चाळीस-पंचेचाळीस टक्के चरबी ठेवली की ग्रॅममागे साडेपाच कॅलरी मिळतात आणि 900 ग्रॅमचे सुमारे 5,000 होतात. शर्यतीतली कुत्री दिवसाला 10,000 पर्यंत जाळतात. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणाऱ्या मालवाहू कुत्र्याला तेवढे लागत नाही, पण 5,000 ही अशा थंडीत पुरत नाहीत. तूट अंगावरून भरायची. निघताना प्रत्येक कुत्र्यावर तीन किलो जास्तीची चरबी असली तर 27,000 कॅलरी होतात, म्हणजे 55 दिवस रोजच्या पाचशेंची सोय, आणि त्यासाठी स्लेजवर वेगळी जागा लागत नाही. फासळ्या बोटांना लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, ही निघण्याच्या दिवसाची स्थिती. पंचविसाव्या दिवशी कमरेची हाडे हाताला टोचू लागली की कुत्रा खर्चात निघाला असे समजायचे.

चरबी एकदम वाढवली तर जुलाब हमखास. तीन-चार आठवडे हळूहळू चढवत न्यायची. वाटेवर जे द्यायचे तेच जानेवारीपासून सुरू.

ठोकळा एका कुत्र्याचा एका दिवसाचा, म्हणजे जाड हातमोज्यांत वजन करायची पाळी येत नाही. उणे 50 ला तो दगड होतो, म्हणून गोठवण्याआधीच त्यावर चार खाचा पाडायच्या. वेष्टन कागदाचे. भुकेला कुत्रा वेष्टनासकट गिळतो, प्लास्टिक आतड्यात अडकते आणि तिथे शस्त्रक्रिया करायला कोणी नसते. खाणे दिवसातून एकदा, मुक्कामी पोचून तासाभराने.

पाण्याबद्दल मतभेद आहेत, पण वजनाच्या बाजूने वाद मिटतो. उणे 40 चा एक लिटर बर्फ वितळवून पाच अंशांवर आणायला 105 किलोकॅलरी. 49 कुत्र्यांना दीड-दीड लिटर द्यायचे तर निम्मी उष्णता वाया जाते हे धरून दिवसाला दीड किलो केरोसीन. तेच कुत्र्यांनी बर्फ खाऊन आपल्या अंगाच्या उष्णतेने वितळवले तर जादा खाद्य लागते 1.4 किलो. दोन्ही सारखेच. मग 73 लिटर वितळवत स्टोव्हपाशी तास घालवण्यापेक्षा बर्फ खाऊ देणेच बरे. जुलाब झालेला कुत्रा अपवाद. त्याला कोमट पाण्यात खाद्याचा चुरा.

जोत, दोर, स्लेज

जोत म्हणजे हार्नेस प्रत्येक कुत्र्याच्या मापाचे. मानेपाशी दोन बोटे जातील इतके. ढिले झाले की छातीवरून सरकून काखेत घासते, लांब झाले की शेपटीच्या बुडाशी. बैलाचा खांदा येतो तशीच ही जखम, फरक एवढाच की केसांखाली चार दिवस दिसत नाही. जड भारासाठी मागे आडवी काठी असलेले, ओढ खाली उतरवणारे मालवाहू जोत बरे. चामडे नको: गोठते आणि कुत्री ते खातात. नायलॉनचेही रात्री काढून तंबूत किंवा उंच टांगायचे.

पितळी आकडे फसवतात. श्वासातली आणि हातातली वाफ स्प्रिंगमध्ये शिरून गोठते, आकडा उघडतच नाही. तेल घातले तर तेल थिजते. कोरडे ग्राफाइट चालते. सगळ्यात भरवशाची म्हणजे लाकडी किंवा हाडाची गुंडी आणि दोराचा फास, जो हातमोजा न काढता लावता येतो.

जोडणीचे दोन प्रकार: मधल्या दोराला जोड्या, किंवा पंख्यासारखी प्रत्येकाला स्वतंत्र दोरी. पंख्यात कडेचा कुत्रा तिरका ओढतो. वीस अंशांच्या कोनात त्याची सहा टक्के ताकद वाया जाते, शिवाय दर तासाला दोऱ्यांची वेणी उलगडावी लागते. पण पातळ बर्फावर वजन पसरते, आणि कड्यांत प्रत्येक कुत्रा आपली वाट शोधतो. दोन्ही दोर सोबत घेऊन बर्फ बघून बदलणारे संघ या समुद्रावर सुखी असतात.

स्लेज इनुइटांच्या कोमॅटिक पद्धतीची: दोन जाड फळ्यांच्या धावा, वर आडव्या पट्ट्या, आणि सगळे दोराने बांधलेले. खिळा किंवा स्क्रू एकही नाही. कड्यावरून आपटताना बांधलेली स्लेज पिळवटते आणि परत सरळ होते; खिळ्यांची स्लेज फाटते. धावांखाली जाड पॉलिएथिलीन. पोलाद उणे तीसखाली अतिशय चिकट होते. जड सामान तळाशी, मध्याच्या किंचित मागे. नाक जड झाले की प्रत्येक ढिगाऱ्यात रुतते. उतारावर धावांभोवती साखळी गुंडाळायची, म्हणजे ती धुरेच्या कुत्र्यांच्या अंगावर जात नाही.

पायमोजे सर्वांना नकोत. मोठ्या पंजाच्या कुत्र्यांना ते क्वचित लागतात, आणि उणे 50 ला घट्ट बांधलेला मोजा रक्त अडवून पंजा गोठवतो. कापलेल्या पायांपुरते कुत्र्यामागे आठ पुरेत, मुक्कामी काढायचेच. बोटांमधले केस छाटले की बर्फाचे गोळे कमी धरतात. नरांचे वृषण आणि मादीचे स्तन गोठतात, त्यासाठी फरचे छोटे पट्टे. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर यांच्या लसी आणि जंताचे औषध निघण्यापूर्वी तीन आठवडे. आर्क्टिक कोल्ह्यांत रेबीज असतो.

प्रत्यक्षात

पहिले आठवडे अपेक्षेप्रमाणेच गेले: उणे 50 च्या आसपास थंडी, कडे, फेऱ्या. आठांपैकी दोघांना विमानाने परत जावे लागले. एकाच्या बरगड्या स्लेजच्या अपघातात मोडल्या, दुसऱ्याच्या पायांना हिमदंश झाला होता. सहाशे किलोंची स्लेज कड्यावरून सुटते तेव्हा माणसाची जागा तिच्या वरच्या बाजूला असावी लागते, आणि थकलेला माणूस नेमका खाली उभा राहतो. भार उतरत गेला तशी कुत्रीही विमानांनी परत गेली. सेक्स्टंट या कोनमापक यंत्राने सूर्याची उंची मोजत, त्यावरून वाट काढत उरलेली सहा माणसे मेच्या पहिल्या दिवसांत ध्रुवावर पोचली, त्यात तुकडीतली एकमेव स्त्री अ‍ॅन बँक्रॉफ्ट होती. रसदीशिवाय कुत्र्यांच्या स्लेजने ध्रुव गाठल्याची ही पहिली खातरजमा झालेली नोंद.

परतीचा प्रवास विमानाने. त्याचीही तयारी लागते आणि ती बहुधा विसरली जाते. केबिनमध्ये दोन संघांची कुत्री एकत्र आली की झुंज ठरलेली, म्हणून प्रत्येकाला आखूड साखळी, आणि मध्ये सामानाच्या पिशव्यांची भिंत. केबिन तापवायची नाही. हिवाळी केसांतल्या जनावराला वीस अंशांतही धाप लागते. घरी आल्यावर चरबी चढवली तशीच तीन आठवड्यांत उतरवायची.